लाखोळीच्या दाण्याएवढं

बाटलीवर पेन्सिलीनं लिहिलेलं:
बयना पराते, अठ्ठावन्न, आंधळगाव.
खालच्या ओठाची आतली बाजू, डावीकडे.
फॉर्मॅलीनच्या तळाशी
लाखोळीच्या दाण्याएवढं काहीतरी,
पांढुरकं, गुळगुळीत,
चिमट्यानं दाबलं की पुन्हा पहिल्यासारखं.

बाकावर तिचा मुलगा. गालात खर्रा,
खिशात खर्ऱ्याची दुसरी पन्नी.
तिसऱ्यांदा खिडकीशी आला,
"कान्सर तं नाही ना जी?"
मंगळवारी मॅडम येतात, म्हटलं.
मला सांगता येत नाही. मी फक्त कापतो.

कापायच्या आधी रात्रभर भिजवायचं,
अल्कोहोलनं पाणी काढून घ्यायचं
(त्या कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला असते),
मेणात बसवायचं.
मग पात्यावरून चार मायक्रॉनची पट्टी निघते,
एकीच्या शेपटाला दुसरी,
आणि कोमट पाण्यावर टाकली की
आपणहून सुरकुत्या सोडते.

मॅडमच्या आधी मी पाहतो. नियमात नाही, पण पाहतो.

वर चपट्या पेशींचे थर, ताणलेले.
एरवी खाली उतरणारी त्यांची मुळं
इथं जवळजवळ सपाट,
आतलं वाढत गेलं
आणि वरचं कातडं पुरवून पुरवून वापरलं तसं.
त्याखाली गुलाबी. नुसतं गुलाबी.
कोलॅजनचे जाड पेड, आडवे, उभे, वळून परत आलेले,
मधेच चातीसारखी निमुळती
एखादी जांभळी पेशी.
एका केशवाहिनीशी चार-पाच लिम्फोसाइट,
भांडण मिटल्यावरही चौकात रेंगाळणारे.
चांदणीच्या आकाराच्या पेशी शोधल्या. नव्हत्या.
वेडंवाकडं केंद्रक शोधलं,
दुभंगणारी पेशी शोधली,
एक कडा दोनदा पाहिली, मान आखडेस्तोवर.
या खोलीला चांगल्या बातमीची सवय नाही.

मंगळवारी मॅडमनी लिहिलं:
तंतुमय वाढ. घातक नाही.
मग विचारलं, तिथं घासतं काय, बाई?
बयनाबाई पदराआडून हसली. टाके ओढले असावेत.
"दोरा जी. कोशाचा.
मांडीवर पीळ द्याचा, दातानं तोडाचा.
चाळीस वर्सं झाले.
कातर शोधत बसलं तं दिवस जाते."
डावीकडचा सुळा अर्धाच होता, धारदार.

"दाखवा मले," ती म्हणाली.
मॅडमनी खुर्ची सोडली.
माझ्याकडे आठवडाभर एक वाक्य तयार होतं,
ते मी बोलून टाकलं:
पाहा, तुमच्या ओठानंही कापड विणलं.

ती हात पाठीमागं बांधून वाकली,
दुसऱ्याच्या दुकानात वाकावं तशी.
बराच वेळ वाकलेली राहिली.
"नाही जी. इनलेलं नोहे हे.
ताना नाही, बाना नाही. काठ कुठी हाये?
कोश उकडताना आच जास्ती झाली
का असा गुता होते. आमी फेकून देतो."
पुन्हा डोळा लावला.
"पन दोरा मजबूत हाये.
हा रंग माहाच का?"
नाही, तो आम्ही देतो.
"पक्का हाये?"
उन्हात ठेवला तर उडतो, म्हटलं.
तिनं मान हलवली,
भाव ऐकून घेतल्यासारखी.

पोर्चमध्ये मुलाला सांगितलं, काही नाही. साधी गाठ.
त्यानं डोळे मिटले, खांबाला टेकला,
मग सुटल्यासारखा हसला
आणि खिशातली दुसरी पन्नी
दातानं फाडली.

माझी जीभ
आपोआप माझ्याच गालाच्या आतून
एक चक्कर मारून आली.